देव्हाऱ्यातली बाटली

काचेवर काच घासल्याच्या आवाजाने माणिकच्या दाढा शिवशिवायला लागल्या होत्या. साकीनाक्याची ती गाळ्यातली लॅब रिकामी करायला सकाळपासून अख्खं घर राबत होतं, आणि जिच्यासाठी राबत होतं ती कोपऱ्यात स्टुलावर बसून एक फ्लास्क आतून काचेच्या कांडीने खरवडत होती. निम्मं सामान खाली टेम्पोत गेलं, पंखा उतरवला, तिच्या खाटेचे पाय वेगळे झाले, तरी हिचं आपलं खर्र, खर्र, खर्र. जसं काय आतून कोणी दार उघडणार आहे.

"बाय, बस झाला आता," जयवंत म्हणाला.

"तू बरण्या उचल," सगुणा म्हणाली. मान वर न करता.

जयवंतने बरण्या उचलल्या. ज्याच्या आवाजाला बोटीवर खलाशी टरकून असायचे तो माणूस मोठ्या बहिणीपुढे अजून पोरगाच होता. माणिकला नवऱ्याच्या ह्या गोष्टीचं हसू पण यायचं आणि रागही यायचा, बहुतेक वेळा दोन्ही एकदमच.

काचसामान मासळीच्या थर्माकोलच्या पेट्यांत भरलं होतं. माणिकने त्या पेट्या घासून, उन्हात वाळवून आणल्या होत्या, तरी बोंबलाचा वास काही गेला नव्हता. कृणालने, तिच्या पोराने, एका पेटीत नाक घालून म्हटलं, "आत्या, तुझ्या सगळ्या केमिस्ट्रीला आता सुक्याचा वास येणार."

"पहिल्यापासून येतोय," सगुणा म्हणाली. खर्र, खर्र.

मग कृणालने टेबल उचललं तर त्याच्या एका पायाखालून चपटी डबी निघाली. डबीत पदक. दिल्लीला मिळालेलं, ज्याचा फोटो वेसाव्याच्या कोळीवाड्यातल्या घरी दारावर लावला होता आणि जो बघून शेजारपाजारच्या पोरांना अभ्यासासाठी शिव्या पडायच्या.

"आत्या, हे टेबलाखाली?"

"टेबल हलत होतं."

आता ह्या बाईला काय म्हणायचं? डॉक्टर सगुणा तांडेल. वेसाव्यातली पहिली डॉक्टर, पण ताप उतरवणारी नव्हे. लोक सुरुवातीला नाड्या दाखवायला यायचे आणि ती त्यांना हाकलून द्यायची. ती ज्या कामाला लागली त्याची गोष्ट माणिकने सासूच्या, सुंदराबाईच्या, तोंडून इतक्यांदा ऐकली होती की तिला स्वतः पाहिल्यासारखी वाटायची. सगुणा फ्रॉकातली होती तेव्हा बंदरावर जाळ्यातला कचरा टाकायचे त्याचा ढीग असायचा. मेलेले खेकडे, शेवाळ, फुटके शिंपले. सगळं कुजायचं, माशा घोंघावायच्या. त्यात एक तांबूस गोळा असायचा, स्पंजासारखा. तो कुजत नव्हता. माशा त्याच्यावर बसत नव्हत्या. सगळ्या बंदराने तो रोज पाहिला होता आणि कोणीच पाहिला नव्हता. सगुणाने तो उचलला, हाताची आग आग झाली, तरी सोडला नाही, आणि आईला विचारलं, "आये, ह्याला माशा का नाय बसत?"

सुंदराबाई म्हणाली, "तूच जाऊन इचार त्याला."

गेली. शाळा, कॉलेज, एम.एस्सी., डॉक्टरेट, सगळं त्या एका गोळ्याला विचारण्यात गेलं. घमेलं भरून ते गोळे वाटायचे, सॉल्व्हंटमध्ये भिजवायचे, काचेच्या उंच नळीतून थेंब थेंब गाळायचे, आणि शेवटी बशीत नखभर काहीतरी उरायचं. त्या नखभरात जे औषधी होतं त्याची घडण कशी आहे ते तिने शोधलं, आणि तेही तेव्हा, जेव्हा तिच्याकडे धड मशिन नव्हतं. तुकडे करून करून. एक तुकडा मोडायचा, तो ओळखायचा, दुसरा मोडायचा. जयवंतला एकदा कोणीतरी विचारलं की तुझी बहीण नक्की करते काय, तर तो म्हणाला, "किनाऱ्याला फळ्या वाहून येतात ना, त्या बघून ती होडी सांगते." ह्याच्याहून चांगलं कोणाला सांगता आलं नाही, कॉलेजच्या पुस्तकालाही नाही. तसल्या घडणीची अणूंची रिंग तोवर कोणी पाहिली नव्हती. तिने त्या पदार्थाला नाव दिलं सुंदरीन. मासळीबाजारात बसणाऱ्या बाईचं नाव जगभरच्या पुस्तकांत गेलं.

म्हणून माणिकचा ऊर भरून यायचा. आणि म्हणूनच तिच्या मनात एक गाठ पण होती, पण ते नंतर.

दारात हितेश येऊन उभा राहिला. बिल्डरचा माणूस. पोरगा वाईट नव्हता, पण चावी घेतल्याशिवाय जाणार नव्हता. अख्खी इमारत रिकामी झाली होती, हा एकच गाळा बाकी. लाइट सकाळीच कापलेली.

"आंटी, संध्याकाळी सील लागणार आहे. मला पण वरती जवाब द्यायचाय ना."

"दे ना मग," सगुणा म्हणाली. "सांग, काम चालू आहे."

हितेशने कृणालकडे बघितलं. कृणालने खांदे उडवले. त्याचं डोकं आधीच तापलं होतं, टेम्पोवाला खालून सारखा फोन करत होता. "आत्या, खरंच, काय आहे त्या फ्लास्कात? काकवी वाटते. टोपण लावू, घेऊन जाऊ, तिकडे जाऊन खरवड ना आरामात."

"तिकडे कुठे?"

कृणाल सुतळीचं बंडल शोधायला लागला. कारण ते कोणी नीट ठरवलंच नव्हतं. गेली काही वर्षं सगुणा ह्याच गाळ्याच्या मागच्या खोलीत राहायची, तिथेच भात शिजवायची. आता तिची बॅग मुलुंडला जायची होती. तिच्या विद्यार्थिनीने, माधुरीने, आपल्या बिल्डिंगमध्ये एक खोली बघितली होती. वेसाव्याच्या घरी दुसऱ्या मजल्यावर खोली रिकामी होती हे सगळ्यांना माहीत होतं, पण जयवंत बायकोच्या तोंडाकडे बघत होता, आणि बायको कोणाच्याच तोंडाकडे बघत नव्हती.

माधुरी खिडकीत बसून चिंध्यांमध्ये नळ्या गुंडाळत होती. मुलुंडच्या चाळीतली, बाप जालन्याहून आलेला, अख्ख्या खानदानात लॅबमध्ये पाऊल टाकणारी पहिली. बाकीच्या सरांनी तिला घ्यायला नाकं मुरडली होती. सगुणाने तिच्या हातात एक नळी दिली आणि म्हणाली, हिच्यात काय आहे ते सांग, मग ये. ती महिनाभराने आली आणि सांगितलं. आता तिची स्वतःची लॅब होती, हाताखाली पोरं होती, तरी इथे आली की चपला बाहेर काढायची.

"काकवी नाही रे ती," माधुरी म्हणाली. "तेवढंच सुंदरीन उरलंय. आता जाळ्यात ते स्पंज येतच नाहीत."

"प्लास्टिक येतं," जयवंत म्हणाला. "पिशव्या मोजा."

"मग ठेवा जपून. खरवडता कशाला?" कृणाल म्हणाला.

माधुरीने सगुणाकडे बघितलं, सांगू का म्हणून. सगुणा खरवडत राहिली, म्हणजे सांग.

"परदेशात एक प्रोफेसर आहेत, त्यांनी सुंदरीन लॅबमध्ये बनवलं. आणि म्हणाले, मॅडमनी दाखवलेली घडण चुकीची. एका ठिकाणी रेणूचा हात वर आहे म्हणून मॅडमनी लिहिलंय, तो खाली पाहिजे." तिने आपले दोन्ही हात पुढे केले, एक पालथा, एक उताणा. "दिसायला एवढंच. पण नवीन पुस्तकांतून मॅडमची आकृती काढून त्यांची टाकायला लागलेत. आता कोण खरं ते एकाच गोष्टीने ठरतं. क्रिस्टल पाहिजे. स्फटिक. एक चांगली सुई मिळाली की एक्स-रेच्या मशिनमध्ये घालायची, सगळे हात दिसतात. उद्या सकाळी मशिन आपल्याला मिळालंय. परत कधी मिळेल माहीत नाही."

"आणि हे घट्ट होत नाय," माणिक म्हणाली. सकाळपासून ती पहिल्यांदा ह्या विषयावर बोलली.

"नाही ना. पूर्वी एकदा झालं होतं. तेव्हा एक्स-रे काढायला कोणी मशिन देत नव्हतं मॅडमना, म्हणून ते सगळं मोडून मोडून घडण काढण्यात संपलं. नंतर परत कधी सुया पडल्याच नाहीत. काच खरवडली की कधी कधी पडतात. नाहीतर जुना एक कण लागतो. तो टाकला की बाकीचं त्याच्यासारखं जमतं."

"विरजण," माणिक म्हणाली.

"बरोब्बर. विरजण."

"मग विरजण नाय?"

"एक कण नाही," सगुणा म्हणाली. "सगळं वापरलं."

खर्र, खर्र.

माणिक खाली बसली. पेटी बांधायला सुतळी घेतली आणि गाठ मारली, आणि मारलेली गाठच परत मारली.

कारण एक कण होता. चांगला बाटलीभर होता. तिच्या देव्हाऱ्यात, एकवीरा आईच्या टाकाच्या उजव्या बाजूला, मेण लावून बंद केलेली बोटाएवढी बाटली, वरून कुंकवाचे थर बसून लाल झालेली. ती रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसायची. सगुणा ती विसरली होती. कशी नाही विसरणार, दिली होती तीच मुळी हसत हसत. माणिक तेव्हा नवीन लग्न होऊन आलेली. दुपारची वेळ, सुंदराबाई बाजारातून येऊन पाय धूत होती, आणि सगुणा उंबऱ्यातूनच ओरडत आली, आये, सुया पडल्या. सुंदराबाईने ओला हात पुढे केला. ह्या घरात नव्या जाळ्याची पहिली मासळी एकवीरा आईपुढे जायची, अजून जाते.

"आये, ही मासळी नाय."

"समुद्रातनं काढलीस ना? मग मासळीच."

सगुणाने कपाळाला हात लावला आणि दिली. तेव्हापासून ती तिथे.

माणिकने वर बघितलं तर जयवंत तिच्याकडेच बघत होता. त्यालाही आठवलं होतं. आणि तो बोलत नव्हता. तिने डोळ्यांनीच विचारलं, सांगणार? त्याने बरणी उचलली आणि जिना उतरून गेला. आयुष्यभर बहिणीच्या एका शब्दावर धावणारा माणूस, आज पहिल्यांदा बायकोच्या बाजूने उभा राहिला होता, आणि तोही काही न बोलता. माणिकला ते जड गेलं. तो बोलला असता तर भांडता आलं असतं.

देवीला दिलेलं परत घेत नाहीत. बास. ह्यात विचार काय करायचा? तिने सुतळी तोडली.

पण घरात कृणाल होता ना. त्याने बराच वेळ भुवया आकसून विरजण विरजण केलं आणि मग एकदम म्हणाला, "आई, देव्हाऱ्यातली ती बाटली? लहानपणी मी हात लावला म्हणून आजीने मला उलथनं फेकून मारलं होतं. त्यात आत्याचंच काहीतरी आहे ना?"

खरवड थांबली. जिन्यावर हितेशच्या मोबाइलवरची क्रिकेटची कॉमेंटरी ऐकू आली.

"ती आहे अजून?" सगुणा म्हणाली.

"कृणाल, तुला कोनी इचारला होता?" माणिक म्हणाली.

"आई, कमाल करते. त्यांची सकाळपासून वाट लागलीय आणि तुला माहीत होतं?"

"माहीत होता. मग? ती आईची हाय. दिलेली परत घेत नाय."

"मॅडम, मोहरीएवढा कण पुरतो," माधुरी घाईने म्हणाली. "बाकी बाटली तशीच..."

"माधुरी, तू गप," सगुणा म्हणाली.

"तिला कशाला गप करतेस, वन्सं?" माणिक उभी राहिली. एरवी ती सगुणाला घरच्यासारखी बाय म्हणायची. वन्सं म्हणाली की समजायचं. "बोलू दे. मी पन बोलते. तुजं काम मोठं हाय, मला कळतं. बाजारात मी सांगते बायांना, माजी ननंद कोन हाय. पन सासू अंथरुणाला खिळली तेव्हा तू कुठे होतीस? हितेच. तू तिचा नाव सगळ्या दुनियेत नेलास. आनि तिचा हगमूत मी काढला. पुस्तकात कोनाचा नाव हाय? तिचा. माजा कुठे हाय? आनि आता तिचीच बाटली पायजे."

कृणाल खाली बघायला लागला. आईच्या तोंडून हे त्याने कधी ऐकलं नव्हतं. माणिकलाही वाटलं, जास्त झालं. आता ही चिडेल, मग मी चिडेन, मग मोकळं.

सगुणाने कांडी खाली ठेवली.

"हो," ती म्हणाली. "तूच काढलंस."

एवढंच. माझं काम होतं असं नाही, तुला काय कळतंय असं नाही. जसं काय माणिकने मोजून एक गोष्ट समोर ठेवली आणि तिने बघून सांगितलं, बरोबर आहे.

"आनि बाटली नको," सगुणा पुढे म्हणाली. "आयेला दिली ती तिची झाली. तिने जिथे ठेवली तिथे ऱ्हाऊ दे. मी मागत नाय."

आणि परत कांडी उचलून खरवडायला लागली. आता आवाज आधीसारखा नव्हता. कांडी मध्येच काचेवर टकटक वाजायची. माणिकने पाहिलं, तिच्या अंगठ्याचं कातडं सोलवटून लाल झालं होतं. ह्याच हातांनी तिने लहानपणी तो जळजळणारा गोळा उचलला असेल, आणि असाच सोडला नसेल.

माणिकने पदर खोचला.

"कृणाल, तुज्या बाबाला सांग, मी येईपर्यंत त्या बिल्डरच्या पोराला बसवून ठेव. त्याला माज्या डब्यातली सोडे घातलेली भाजी दे, मघापासून वास घेतोय. आनि वन्सं, तो फ्लास्क थंड लागतो का गरम?"

सगुणाने मान वर केली. "थंड. पण फ्रीज गेला."

"फ्रीज कशाला पायजे," माणिक म्हणाली आणि जिना उतरली.

साकीनाक्याहून वेसाव्याला मेट्रो म्हणजे डोळा लागायच्या आत. डब्यात तिच्या साडीला सुक्याचा वास येतो म्हणून एका पोरीने रुमाल नाकाला लावला. एरवी माणिकने तिची चांगली पूजा बांधली असती. आज तिचं लक्ष नव्हतं. ती डोक्यात एकवीरा आईशी बोलत होती.

घरी कोणी नव्हतं. हातपाय धुऊन ती देव्हाऱ्यापुढे बसली. कौल लावावा असं एकदा वाटलं. टाकावर फूल चिकटवायचं, उजवीकडे पडलं तर हो. मग वाटलं, आणि डावीकडे पडलं तर? आणि पडलंच नाही तर? कधीकधी तासभर पडत नाही. तिकडे तो हितेश भाजी खाऊन संपवेल.

तिने वाटीत साखर घेतली आणि आईपुढे ठेवली. हात जोडले. मग वाटीतली साखर चिमूटभर तोंडात टाकली, जशी रोज टाकायची. आईपुढचं कोणी परत घेत नाही. पण आईकडचा प्रसाद तर सगळे घेतात, त्याला कोण चोरी म्हणतं? तिने बाटली उचलली, कपाळाला लावली आणि म्हणाली, "परसाद म्हणून नेते गो आई. सासू तुज्याकडेच हाय, तिला तू समजव. मला उलथनं नको."

बंदरावरून तिने बर्फाची पिशवी घेतली. मेट्रोच्या गार्डने अडवलं.

"अम्मा, पानी टपक रहा है. मच्छी है क्या?"

"बरफ हाय, बाबा. औषध थंड ठेवायचाय."

पिशवी मशिनमधून गेली, बर्फ, बाटली, सगळं. गार्ड पडद्याकडे बघत होता. "शीशी में क्या है?"

"तुला काय दिसला?"

"कुछ नहीं दिखा."

"मग जाऊ दे ना."

ज्याचा एक्स-रे काढायला एवढं रामायण चाललं होतं, ते कुंकू लावून मेट्रोच्या मशिनमधून गेलं आणि त्या बिचाऱ्याला पत्ताही लागला नाही. गाडीत बसल्यावर माणिक एकटीच हसली. रुमालवाली पोरगी नव्हती, नाहीतर घाबरली असती.

गाळ्यात ती पोचली तेव्हा हितेश पाटावर बसून हात चाटत होता आणि जयवंत त्याला एकेकाळच्या वादळाची गोष्ट सांगत होता. गोष्टीत बोट अजून बुडायची होती.

माणिकने बाटली सगुणाच्या तळहातावर ठेवली. सगुणा ती नुसती धरून राहिली. लाल, गुळगुळीत, माणसाच्या हातांनी झिजलेली.

"तू रोज पुसतेस?"

"मग, धूळ बसते."

"मी लॅबमध्ये ठेवली असती तर आतापर्यंत हरवली असती," सगुणा म्हणाली. खरंच वाटून म्हणाली.

"दिवा लावू का? बरा असतो."

"हितं काडी ओढलीस तर सॉल्व्हंटने आपन सगळेच आयेकडे जाऊ."

माधुरी फिसकन हसली, आणि तिच्यामागे कृणाल, आणि मग हितेशही, त्याला अर्धंच कळलं होतं तरी.

मासळीची एक पेटी रिकामी करून तिच्यात बर्फ ओतला आणि फ्लास्क गळ्यापर्यंत पुरला. सगुणाने बाटलीचं मेण नखाने काढलं, बाहेरचं कुंकू आत जाऊ नये म्हणून तोंड तीनदा पुसलं, आणि बारीक चमच्याच्या टोकावर आतलं एवढंसं घेतलं. पांढरं होतं. इतक्या वर्षांनी पांढरंशुभ्र. चमचा फ्लास्कच्या तोंडावर टकटक वाजायला लागला. माणिकने न विचारता खालून मनगट धरलं, जसं बाजारात म्हाताऱ्या गिऱ्हाइकाची पिशवी धरायची तसं. दोघींनी मिळून तो कण आत सोडला.

काही झालं नाही.

कण पाकात बुडाला आणि तिथेच राहिला. कृणालने मोबाइलचा टॉर्च धरला. टेम्पोवाल्याचा फोन आला, त्याने कापला. परत आला, परत कापला. जयवंत पाठीमागे येऊन उभा राहिला, त्याचा श्वास माणिकच्या मानेवर लागत होता. आणि मग माणिकला वाटलं आपले डोळे दुखतायत म्हणून दिसतंय. कणाला मिशा फुटल्या होत्या. कोळंबीला असतात तशा, बारीक, लांब. एक, मग तिच्या अंगाला दुसरी. तिने काही म्हणायच्या आत मिशांना मिशा फुटल्या, आणि सगळा पाक खालून वर भरत गेला, जसं भरतीचं पाणी खाडीत शिरतं, घाई न करता, पण थांबायचं नाव नाही. टॉर्चच्या उजेडात सुया चमकायला लागल्या.

माधुरी रडत होती, पण हात तिचे कामाला लागले होते, नळी शोधत होते. सगुणा फ्लास्ककडे बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते माणिकने एकदाच पाहिलं होतं, त्या दुपारी उंबऱ्यात.

"आये, सुया पडल्या," सगुणा हळू म्हणाली. कोणालाच नाही.

गाळून, धुऊन सुया कागदावर आल्या. माधुरी चिमटा घेऊन पुढे झाली. "मॅडम, आधी मशिनचं सॅम्पल काढते."

"थांब." सगुणाने चमच्याच्या टोकावर थोड्या सुया घेतल्या आणि बाटलीत सोडल्या, जिथून कण काढला होता तिथे. टोपण लावलं. बाटली माणिकपुढे केली. "पहिली मासळी."

माणिक तिरसटासारखी म्हणाली, "तुजा कुठे इश्वास हाय?"

"माजा नाय. पन आयेला दिलेली वाया गेली नाय ना." मग सगुणा म्हणाली, "आनि ऐक. उद्या मशिन काय बी सांगेल. त्या प्रोफेसरचा हात बरोबर निघाला, तर मी चुकले असं मीच लिहून पाठवीन. मग ही बाटली देव्हाऱ्यात नको ठेवू. चुकीचा काय कोन देवापुढे ठेवतं का."

माणिकने बाटली घेतली, पदराच्या टोकात घातली, गाठ मारली. एकच, घट्ट.

"पुस्तक तुजा, वर खाली काय करायचा ते तू कर. देव्हारा माजा हाय. काय ठेवायचा ते मी बघीन."

जयवंत खिडकीकडे तोंड करून उभा होता. बाहेर बघण्यासारखं काहीही नव्हतं.

हितेशने चावी घेतली, आणि का कोण जाणे, जाताना सगुणाच्या पाया पडला. "आंटींचा उद्या काय निकाल लागला ते सांगा हां," तो कृणालच्या कानाशी म्हणाला, आणि आपला नंबर देऊन गेला.

खाली टेम्पोवाला शिव्यांच्या शेवटच्या पायरीवर आला होता. मागे पेट्या, बरण्या, खाटेचे पाय, पदकाची डबी. माधुरी रिक्षा थांबवून उभी होती, छातीशी धरलेल्या डब्यात सुया. सगुणाची बॅग रस्त्यावर मध्येच ठेवलेली, धड टेम्पोतही नाही, धड रिक्षातही नाही.

"ही बॅग कुठे टाकायची?" टेम्पोवाल्याने विचारलं. "मुलुंडला की कुठे? एकदा काय ते फायनल सांगा."

कृणालने जयवंतकडे बघितलं, जयवंतने माणिककडे. सगुणा रस्त्याच्या पलीकडे कुठेतरी बघत होती, जणू बॅग दुसऱ्याच कोणाची आहे.

माणिकने बॅग उचलली आणि टेम्पोत फेकली.

"सुया मुलुंडला," ती म्हणाली. "बाय वेसाव्याला."